लिंगपूजेतली झोप

माझ्या भाचीची मुलगी शाळेत बाकावर झोपते म्हणून मास्तरांनी तिला उभं केलं, तर ती उभ्याउभ्या झोपली. भाची मला हे हसत हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. हसणं मला तसंही फारसं परवडत नाही, त्याचं कारण पुढे येईल. त्या मुलीसाठी आणि तिच्यासारखं आणखी कुणी असेल तर त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या अंगावरून जे गेलं तेवढंच मला ठाऊक.

ताप गेला, झोप राहिली

माझं माहेर भालकी तालुक्यातलं मेहकर आणि सासर खटकचिंचोळी. आम्ही लिंगायत. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालायचं. रागवायला कन्नड आणि लाड करायला मराठी. सासरे मी यायच्या आधीच गेले होते. घरात आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, माझे मालक आणि मी. मालकांचं बाजारात किराणा दुकान होतं, दारात एक बैलगाडी होती.

पोलीस ॲक्शनच्या वर्षी, निजामाचं राज्य गेलं तेव्हा, मला मोठा ताप आला. तीन आठवडे होता. ताप गेला, त्याच्यामागे डोक्यावरचे केस गेले, केस परत आले, पण तापाबरोबर आलेली झोप काही गेली नाही. पुढे गौरा, माझी मुलगी, झाली. तेव्हा सगळे म्हणाले, बाळंतपणाची सुस्ती आहे, निघून जाईल.

ही सुस्ती नव्हती. दिवसातून पाच-सहा वेळा पापण्या अशा जड व्हायच्या की उघड्या ठेवणं माझ्या हातात राहायचं नाही. आणि ती पुरती झोपही नसायची. जात्याची घरघर ऐकू यायची, आत्याबाई कुणाशी बोलताहेत तेही कळायचं, आणि त्याच वेळी मेहकरच्या परसातली आमची म्हैस समोर येऊन उभी राहायची. तिला पाणी दाखवायला मी उठायचे. म्हणजे उठले असं मला वाटायचं. हात इकडे जात्याच्या खुंट्यावर असायचा, आणि तो आपलं काम करतही असायचा. एकदा अशाच तंद्रीत मी एका वरणात तीनदा मीठ घातलं. मालक काही न बोलता जेवले आणि दुकानात जाऊन तांब्याभर पाणी प्याले.

जाग येताना त्याहून वाईट. डोळे उघडलेले, घर दिसतंय, पण हातपाय माझे नाहीत. हाक मारावी तर आवाज नाही. कधी उंबऱ्यावर कुणी बाई बसलेली दिसायची. पाठमोरी. ती वळेल की काय या भीतीनं मी घामाघूम व्हायचे. थोड्या वेळानं बोट हलायचं आणि मग सगळं सुटायचं.

"सुगला, ऊठ! भाकर करपायलीय!" आत्याबाई ओरडायच्या. "कामून झोपायलीस गं सारखी? रातभर काय दगडं फोडलीस का?"

त्यांचं काय चुकत होतं? दिवसाढवळ्या चुलीपुढं झोपणारी सून कुणाला चालेल? मलाही वाटायचं, आपणच आळशी आहोत. तोंडावर पाणी मारायचे, मनगट चावायचे. काही उपयोग नव्हता.

मग एक दिवस गौरा माझ्या मांडीवरून घरंगळली. मी तिला पाजत होते आणि मध्येच झोपेत गेले. चूल दोन हातांवर होती. पोर पोत्यावर पडली म्हणून निभावलं. आत्याबाईंनी तिला उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून गौरा फक्त पाजण्यापुरती माझ्याकडे यायची आणि तेवढा वेळ त्या समोर बसून राहायच्या. पाजून झालं की घेऊन जायच्या. मला एकच भीती लागून राहिली. आता या मला मेहकरला पाठवणार आणि पोर ठेवून घेणार.

पूजा लांबते

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आम्ही गळ्यात इष्टलिंग, म्हणजे शिवाचं लहानसं लिंग, बाळगतो. सकाळी अंघोळ करून कपाळाला विभूती लावायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. ही पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा नाही. एकटक बघणं म्हणजे माझ्यासारखीला झोपेचं औषधच. मी बसायचे आणि पाच मिनिटांत तंद्री लागायची. हात मात्र लिंग सोडायचा नाही. जात्याचा खुंटा सोडायचा नाही, तसाच.

शेजारची गुरम्मा एका सकाळी विरजण मागायला आली, तेव्हा मी पूजेला बसले होते. विरजण घेऊन गेली, घरचं आवरून वाटी द्यायला परत आली, तरी मी तशीच. मला जाग आली तेव्हा ती हात जोडून उभी होती.

"अक्का," ती आत्याबाईंना म्हणाली, "तुमची सून लिंगात इरगळून गेलीय हो. डोळा हालंना की बोट हालंना."

आत्याबाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय. तिची पूजा लांबती."

झालं. तीच झोप चुलीपुढं लागली की आळस आणि पूजेला लागली की समाधी. आठवडाभरात आळीत बातमी झाली. आत्याबाई सकाळचं दळण स्वतः दळायला लागल्या. मला कुणी उठवेना. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. लग्न झाल्यापासून मी या घरात पहिल्यांदा कुणीतरी झाले होते. मला ठाऊक होतं की ही भक्ती नाही, म्हैस दिसते मला, देव दिसत नाही. तरी मी बोलले नाही. उलट पूजेला आणखी लवकर बसायला लागले. ही लबाडी मी केली आहे, कुणी माझ्याकडून करून घेतलेली नाही.

मग सोमवारी बायका यायला लागल्या. समोर बसून हळूच काही विचारायच्या. मी तंद्रीत काही पुटपुटायचे आणि त्या त्याचा अर्थ लावायच्या. एकीला मी "ताक" म्हणाले म्हणे. तिनं महिनाभर नवऱ्याला ताक पाजलं आणि त्याचं पोट बरं झालं. ताकानं कुणाचं वाईट होत नाही, म्हणून मीही गप्प बसले.

काशी

गुरम्माची लेक काशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले तेव्हा सुईणीनं पोट बघून सांगितलं की मूल आडवं आहे, कळा लागायच्या आत हिला बिदरच्या दवाखान्यात न्या. दवाखान्यात पोट फाडतात असं काशीनं ऐकलं होतं. ती रडायला लागली. गुरम्माला काही सुचेना. ती सोमवारची वाट बघत थांबली.

त्या सोमवारी तंद्रीत मला माझे वडील, अप्पा, दिसले. मेहकरला दारात गाडी जुंपून उभे होते आणि जत्रेला चल म्हणत होते. मला लहानपणापासून गर्दीचा कंटाळा. मी म्हणाले, "न्हाई जायचं. हितंच बरं हाय."

जागी झाले तेव्हा बायका गेल्या होत्या. आत्याबाई गौराला कडेवर घेऊन उभ्या होत्या.

"गुरम्मा इचारून गेली," त्या म्हणाल्या. "काशीला बिदरला नेऊ का म्हणून."

"मग?"

"तू न्हाई म्हणलीस."

मी तशीच उठून शेजारी गेले. काशी भिंतीला टेकून शेंगा खात बसली होती, मला बघून हसली. "वैनी, तुम्ही बोललाव अन् माझा जीव भांड्यात पडला बगा."

मी गुरम्माला बाजूला घेतलं. "गुरम्माक्का, म्या झोपेत व्हते. देव-बिव काय न्हाई. मला झोपेचा रोग हाय. माझं ऐकू नका, पोरीला घेऊन जावा."

गुरम्मा माझ्या पाया पडली. "मोठी माणसं असंच म्हणत्यात. आपलं मोठेपण आपल्या तोंडानं कोण सांगतंय?"

मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा हात जोडले. मी जितकं नाही म्हणेन तितकी तिची खात्री वाढत होती. कोपऱ्यात सुईण बसली होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "परवापस्तोर कळा लागतील. मग माझ्या हातात काय न्हाई."

दुकानात जाऊन मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "आईला इचार." आणि आईलाच मला सांगता येत नव्हतं. गुरम्मानं विश्वास ठेवला नाही, पण आत्याबाईंनी ठेवला असता. मग रोगी सून आणि मांडीवरून पडलेली पोर, दोन्हींचा मेळ लागायला किती वेळ? दिवसभर मी गौराकडे बघत होते आणि मनात काशी होती. एकीसाठी दुसरीला सोडावं लागणार असं मला वाटत होतं. मला स्वतःची लाज वाटली, ती आजही वाटते, कारण तो अख्खा दिवस मी तसाच जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याबाईंना म्हणाले, "गुरम्माक्काला बोलवा. म्या पूजेला बसायलेय."

झोप लागू नये म्हणून जिभेखाली हिरव्या मिरचीचा तुकडा धरला. पूजेआधी तोंडात काही घालायचं नाही, तो नियम तिथंच मोडला. विभूती लावली, लिंग हातावर घेतलं, डोळे मिटले आणि वाट बघत बसले. तोंडाची आग होत होती, सुटलेली लाळ गिळत होते. आत्याबाई माझ्या तोंडाशी वाकल्या आणि मागे सरकल्या, एवढं जाणवलं. गुरम्मा येऊन बसल्याची चाहूल लागली तसं मी जमेल तितक्या जड आवाजात म्हणाले, "गाडी जुंपा. काशीला बिदरला न्या. आजच्या आज न्या."

लिंग हातात असताना मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होते.

"पर काल तर न्हाई म्हणलाव की," गुरम्मा चाचरत म्हणाली.

याचं उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं.

"काल कालचं व्हतं," आत्याबाईंचा आवाज आला. "आज आजचं ऐक. ऊठ, पोरीचं गाठोडं बांध." आणि मग अंगणाकडे तोंड करून मालकांना, "आरं, दुकान ऱ्हाऊ दे. बैलं सोड, गाडी जुंप!"

बिदर

गुरम्मा म्हणाली, सुगलाबाई बरोबर असल्या तरच मी येते. म्हणून मलाही जावं लागलं. गौराला वरचं दूध पाजायचं कबूल करून आत्याबाईंनी ठेवून घेतलं. भालकीपर्यंत गाडी आणि पुढे मोटार. मोटारीत मी इतकी झोपले की मला आधार म्हणून आणलं होतं ते विसरून पोटुशी काशीच मला धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीचं ऑपरेशन झालं. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. गुरम्मा आत जाऊन आली ती पदरात तोंड खुपसूनच. तिनं पदर काढला तर हसत होती. "दोगी बी चांगल्या हायत! पोरगी झाली. पर नाक बगा, थेट माझ्या जावयाचं! कसं लगीन व्हावं हो तिचं?"

मी हसले. पोटातून, मोकळं, कित्येक महिन्यांत हसले नव्हते तसं. आणि गुडघे सुटले. मान लटकी पडली, जबडा सैल झाला, मी फरशीवर बसकण मारली आणि आडवी झाले. सगळं ऐकू येत होतं, फक्त अंग माझं नव्हतं. हे आधीही व्हायचं, मोठं हसू आलं की. म्हणून मी हसणंच सोडून दिलं होतं.

गुरम्मानं हात जोडले आणि माझ्यापुढं बसली. तेवढ्यात एक म्हातारे डॉक्टर आले. महिन्यातून एकदा हैद्राबादहून यायचे. त्यांनी कुणाला मला उचलू दिलं नाही. स्टूल ओढून शेजारी बसून राहिले. माझी जीभ हलायला लागली तसं त्यांनी विचारलं, "गिरने के पैले हँसे थे क्या, अम्मा?"

मी मान डोलावली.

"दिन में नींद आती? कच्ची नींद में लोगां दिखते? उठे तो हात-पाँव हिलते नै?"

मी यातलं अक्षरही त्यांना सांगितलं नव्हतं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्या पाठमोऱ्या बाईबद्दल तर मी स्वतःशीही बोलले नव्हते. आणि हा माणूस एकेक गोष्ट अशी विचारत होता की जणू माझ्या घरात राहून गेलाय. मी रडायला लागले.

"बीमारी है ये," ते म्हणाले. "तुमारा कसूर नै."

त्यांनी नाव सांगितलं, नार्कोलेप्सी. माझ्या जिभेवर ते बसायला वर्ष लागलं. चाळीस वर्षांत असे दोनच रोगी बघितल्याचं ते म्हणाले. पूर्ण बरा होत नाही, पण सांभाळता येतो. मला त्या दिवशी रोग कळल्याचं दुःख झालं नाही. कसूर नाही, हे दोन शब्द मी दिवसभर मनात घोळवत होते.

मला आठ दिवस ठेवून घेतलं. सकाळी घंटा, मग गोळी, मग नर्स येऊन मी किती वेळा झोपले त्याच्या पाटीवर खुणा करायची. दुपारी जेवणानंतर आणि चार वाजता मुद्दाम झोपायचं, थोडाच वेळ, आणि मग उठायचंच. झोपेशी भांडू नका, तिला वेळ ठरवून द्या, असं डॉक्टरांचं म्हणणं. भाचीच्या मुलीला मी हेच सांगते. पहिल्या दिवशी पूजेशिवाय मी पाणी घेईना, तर ख्रिस्ती नर्सनं काही न विचारता तांब्या आणून दिला आणि खाटेभोवती चादर धरून उभी राहिली. तिचं नाव मी विचारलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

घरी

घरी आल्यावर मी मालकांसमोर आत्याबाईंना सगळं सांगितलं. झोप, रोग, गोळ्या. खोट्या पूजेचं तेवढं सांगवलं नाही. मालकांचे एक चुलते बसले होते, त्यांनी लगेच दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढली. मालक म्हणाले, "गोळ्या लागू पडायलेत का बघू की आधी," आणि दुकानात निघून गेले. त्यांच्या परीनं तो मोठा आधार होता. आत्याबाई गौराला घेऊन आत गेल्या.

सोमवारच्या बायकांना मी दारातच सांगितलं की हा आजार आहे. काशीचं सगळं सुखरूप झाल्यानं त्या ऐकायलाच तयार नव्हत्या. पण आता गोळ्यांनी पूजेत झोप लागेनाशी झाली, मी पाच मिनिटांत पूजा उरकून उठायचे. अशा देवीकडे कोण किती दिवस येणार?

घरात मात्र सगळं गोठल्यासारखं होतं. आत्याबाई कामापुरतं बोलत. माझ्या झोपेच्या वेळा पाळत, पण गौराला घेऊन माजघरात जाऊन बसत. पाजतानाही समोर बसणं सुटलं नव्हतं. त्यांना देवी सून हवी होती आणि मिळाली रोगी, असं मी समजून चालले होते.

दोन महिन्यांनी एका दुपारी त्या तूर पाखडत होत्या. गौरा बाजूला झोपली होती. मला ते खोटं आता सहन होईना.

"आत्याबाई, काशीला न्या म्हणले त्या दिवशी म्या झोपेत न्हवते. लिंग हातात धरून खोटं बोलले."

सूप थांबलं नाही. "मला माहीत हाय."

"कसं?"

"झोपलीस की तुझ्या तोंडातनं लाळ गळती. कुणी बगायच्या आदी रोज म्याच पुसायची पदरानं. त्या दिवशी पुसायला वाकले तर तोंड कोरडं."

मला समजायला वेळ लागला. "म्हंजे रोजचं बी तुम्हाला..."

"लाळ गाळणारी समाधी म्या तरी बगितली न्हाई."

"मग बोलला कामून न्हाईत?"

आता सूप थांबलं. "काय बोलू? चुलीपुढं झोपलीस तर मला वरडावं लागायचं. शेजारीपाजारी बगायचे, भाऊबंद बोलायचे. लिंगाच्या म्होरं तुला कुणी उठवत न्हवतं. म्हणलं, झोपू दे, तेवढंच बरं. बाया येतील, अन् काशीच्या जिवावर बेतंल, हे माझ्या डोस्क्यात आलं न्हाई." त्यांचा आवाज फाटला. "तू खोटं बोललीस म्हणून पोरगी वाचली. माझ्या गप बसण्यानं मेली असती. तवापासून तुझ्याकडं बगवंना मला."

इतके दिवस मी त्यांच्या गप्प बसण्याला घाबरत होते आणि त्या माझ्या नजरेला.

त्यांनी पदरानं डोळे पुसले, उन्हाकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुझी येळ झाली. झोप."

मी भिंतीकडे आडवी झाले. त्या उठल्या, गौराला उचललं, आणि माजघरात नेण्याऐवजी माझ्या कुशीत आणून ठेवलं.

"ऱ्हाऊ दे तुझ्यापशी," त्या म्हणाल्या. "म्या हितंच बसलेय."